हिची याडी कुठं हाय?

१६ एप्रिल

ही डायरी गेल्या वर्षीची आहे, बियाण्याच्या कंपनीनं वाटलेली. तारखेखालचे वार जुळत नाहीत. वार बघायचेच नाहीत.

घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच पाय शिवशिवायला लागले. हैदराबादचा केटरिंगवाला रोज मिस कॉल देतो. पण बहिणीचं, रंजिताचं लग्न अकरा मेला आहे आणि बा नाही, म्हणून घरातला माणूस मीच. माणूस म्हणजे काय, तर मंडपवाल्याला फोन लावायचा आणि तो उचलत नाही हे घरात येऊन सांगायचं.

घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. ती लिहायची कशी ते शाळेत कोणी शिकवलं नाही, आणि शाळेतही मी फार टिकलो नाही. म्हणून सगळ्यांचं बोलणं इथं मराठीत उतरवतो. फक्त आईला आई लिहिवत नाही. याडी ती याडी.

आज दिग्रसला धम्मरत्नच्या दुकानात गेलतो. भंगार आणि रिपेरिंग असं दोन्ही चालतं त्याचं. परवाच्या जयंतीचा डीजे त्याच्या कानातून अजून निघाला नाही, सगळ्यांशी ओरडून बोलतो. यवतमाळच्या कोण्या रिटायर प्रोफेसरांचं घर पोरांनी रिकामं केलं, त्यातला माल आला होता. एक डीव्हीडी प्लेअर आणि खोकंभर सीड्या मला दिल्या. "घेऊन जा बे जीवन. लग्नाच्या घरात पोट्टे येतीन, त्याईले पिक्चर दाखवजो. कामात आडवे नाही येत मंग."

प्लेअर बंद होता. दुपारभर लेन्स पुसत बसलो. मंडपवाला राहूनच गेला.

सीड्या बहुतेक खरवडलेल्या. एकच चांगली निघाली, तीही परदेशी. कव्हर अर्धं फाटलेलं, आत दोन सीड्यांची जागा, पण सीडी एकच. लावली. आधी मोठा लाल पडदा. पडद्यासमोर खड्डा, खड्ड्यात माणसं बसून वाजवतात. त्यांना वर का बसवत नाहीत कोण जाणे. मग पडदा उघडला, राजवाडा, एक दाढीवाला जाडा माणूस, शिपाई. बोलत कोणी नाही, सगळे गातात. पाणी मागायचं तरी गाऊन. मी बंद करणार होतो, तेवढ्यात निळ्या झग्यातली बाई आली आणि एकटीच गायला लागली.

याडी पडवीत तुरीची डाळ निवडत होती. सूप घेऊन आत आली आणि खाली बसली. बाई गात होती तोवर तिनं एक खडा काढला नाही.

मग म्हणे, "हे पोट्टी ढावलो म्हणून राह्यली."

"याडी, हे इटलीचं हाय."

"मंग? तिकडच्या पोरी सासरी नाही जात काय?"

 इटलीच्या पोरी कुठं जातात मला माहीत नाही.

१९ एप्रिल

उन्हानं डोकं उठलंय. कूलरची मोटर जळाली, लाईट येतेजाते, अंगात काही करायचं त्राण राहिलं नाही.

रंजिता आली होती एका दिवसासाठी. राळेगावकडे एका उपकेंद्रावर नर्स आहे. आली तशी याडीशी भांडण.

आमच्याकडे नवरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडते, पण नुसतं रडत नाही, गाऊन रडते. तो ढावलो. ज्याच्या गळ्यात पडली त्याच्या नावानं गायचं, मनातलं असेल ते त्या चालीत घालायचं. शेवटी याडी. आमच्या तांड्यात याडीनंही उत्तर द्यायचं असतं, गाऊनच. आणि तांड्यातल्या पोरींना ढावलो शिकवायला इतकी वर्षं आमची याडीच जायची. रुपीबाईनं शिकवलेली पोरगी रडली की जीपचा ड्रायव्हरसुद्धा रडतो, असं म्हणायचे.

दिवाळीनंतर तिच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाज जाऊ शकतो. गेला. आता ती बोलते तेव्हा सायकलच्या ट्यूबमधून हवा निघाल्यासारखं होतं. जवळ बसलं तर कळतं.

तर याडी म्हणाली, "निरोपाच्या टायमाले मी आतच बसीन. माह्या जागी धनीबाई उभी राहीन."

रंजिता म्हणाली, "काहून?"

"असंच."

"मंग मी बी तोंड उघडणार नाही. मुकाट गाडीत जाऊन बसीन. तांड्यातले म्हणतीन, रुपीबाईची पोरगी मुकीच गेली."

याडी उठून चुलीकडे गेली. मला वाटतं तिचा गळा दुखतो उन्हानं. पण सांगणार नाही, हट्टी आहे. दोघीही हट्टी.

२३ एप्रिल

याडी रोज दुपारी सीडी लावायला सांगते. मला आता ते सूर पाठ व्हायला लागलेत. भांडी घासताना तोंडात येतात आणि मलाच चीड येते.

शब्द कोणालाच कळत नाहीत, पण याडीनं गोष्ट लावली आहे. निळ्या झग्याच्या पोरीचं लग्न ठरलंय. दाढीवाला तिचा बा. तलवारवाला पोरगा भाऊ, कारण तो नुसता इकडून तिकडे फिरतो आणि काही करत नाही. हे सांगताना माझ्याकडे पाहिलं.

"अन् हिची याडी कुठं हाय?"

"येईन ना पुढं."

"सगळे येऊन गेले. मोलकरीण आली, बामण आला, घोडा बी आला. याडी नाही आली."

तांड्यातली धनीबाई आली होती, तिलाही दाखवलं. धनीबाई याडीपेक्षा मोठी आहे, दात थोडे, जीभ पुरी. ती म्हणे, "हे बाई एवढी जाडी, हिले सासरी नेणार कोण? दोन जीपा लागतीन." मग बाई वरच्या पट्टीत गेली तशी धनीबाई गप्प. गाणं संपल्यावर म्हणाली, "श्वास कुठं घेते गं हे, रुपी?" आणि दोघींनी मला ते तीनदा मागं नेऊन लावायला लावलं, ती श्वास कुठं घेते ते शोधायला. सापडला नाही.

शेवटाला काय होतं, बाई दिवा घेऊन दाराजवळ जाते. दार उघडते. कोणाला तरी पाहते, हातातला दिवा खाली ठेवते. बस. सीडी संपली. पुढचं दुसऱ्या सीडीत, आणि ती नाही.

याडी म्हणाली, "दारात याडीच हाय."

"कशावरून?"

"दिवा खाली ठेवला ना तिनं. मिठी माराले दोन्ही हात लागते."

मग बराच वेळ बंद टीव्हीसमोर बसून राहिली. मला म्हणाली, "दुसरी भेटते का पाह्य. आल्यावर ते काय म्हणते, तेवढंच पाहाचं हाय मले. गाते का नाही."

रात्री जेवताना पुन्हा तेच.

धनीबाईनं रंजिताला फोनवर शिकवायला घेतलंय. रंजिता मानली कशी माहीत नाही. धनीबाई आधी नवरीचं म्हणते, मग लगेच याडीचं उत्तर म्हणते, आणि रंजिता दोन्ही मागून म्हणते, कारण धनीबाईला एकदा सुरू झाली की मधे थांबता येत नाही. मी म्हटलं, असं कसं शिकवता? ती म्हणे, "तुले शिकवू काय? नेस लुगडं."

२६ एप्रिल

दुसरी सीडी आणायला यवतमाळला जातो. सकाळची एसटी. संध्याकाळपर्यंत परत.

३ मे

संध्याकाळपर्यंत परत आलो नाही.

प्रोफेसरांच्या घरी चौकीदार भेटला. म्हणाला, जे होतं ते सगळं गेलं, आता भिंती आहेत, त्याही विकायच्या आहेत. तिथून निघालो तर बसस्टँडबाहेर कूलर भरलेला टेम्पो उभा, ड्रायव्हर एकटा. कूलर उतरवायला हात पाहिजे म्हणाला. दोन-तीन गावांचं काम होतं. मग अजून एक गाव. ड्रायव्हरला जुनी गाणी पाठ, मला इटलीचं पाठ. त्याला ते म्हणून दाखवलं, त्यानं गाडी बाजूला घेऊन विचारलं, पोटात दुखते का? असे दिवस कसे गेले कळलं नाही. फोन चार्ज नव्हता. होता थोडा, पण घरून काय विचारतील ते माहीत होतं.

राळेगावला कूलर उतरवल्यावर रंजिताच्या उपकेंद्रात गेलो. बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, ती सुया टोचत होती. पोरं किंचाळत होती, तिचा चेहरा हलत नव्हता. मला पाहून म्हणाली, "बस. हात दाखव, तुलेही टोचते."

गर्दी ओसरल्यावर तिनं पाणी दिलं.

"सीडी शोधून राह्यला का पळून राह्यला?"

"शोधूनच राह्यलो."

"कूलरच्या टेम्पोत?"

मी पाणी पिऊन टाकलं.

ती खुर्चीत अशी बसली होती की आता उठणारच नाही. चार गावं एकटी करते, लग्नाची सुट्टीही दोनच दिवस मिळाली म्हणे. डोळ्याखाली काळं. म्हणाली, "भाऊ, याडीले एक सांगजो. मले तिचा आवाज नाही पाहिजे. याडी पाहिजे."

"तूच सांग ना."

"मी सांगतलं तर भांडण होते."

मी हो म्हटलं. पण त्यात सांगण्यासारखं काय ते मला नीट कळलं नाही. आवाज नाही पाहिजे असं गाण्याच्या वेळी कसं चालेल.

घरी आलो तर याडीनं ताट वाढलं. कुठं होता विचारलंही नाही. मी आजवर किती वेळा गेलो आणि आलो, ती विचारत नाही. "भेटली का?" एवढंच. नाही म्हटलं. निरोप सांगायचा राहिला, कारण जेवता जेवताच झोप लागली.

५ मे

धम्मरत्न म्हणजे डोकं आहे. मी त्याला सीडीचं रडगाणं सांगितलं तर म्हणे, "अबे, मोबाईलले ऐकव ना. तो सांगते कोणतं गाणं हाय." प्लेअर दुकानात नेला. बाई गायला लागली, मोबाईल कानाजवळ धरावा तसा टीव्हीजवळ धरला, आणि खरंच नाव आलं. ते नाव मला उच्चारताही येत नाही आणि लिहिताही. मग त्यानं पूर्ण गोष्ट काढली आणि मोबाईललाच मराठी करायला लावली.

मोबाईलची मराठी भयंकर. "सरदार आपल्या मुलीला राजवाडा करतो." "तलवार असलेला पुरुष तिच्यावर गुप्तपणे प्रेम झाला आहे." म्हणजे तो भाऊ नाहीच. दारात उभा असतो तो शिपाई, तिला पकडायला आलेला. आणि खाली एक ओळ, "नायिकेची आई कथा सुरू होण्यापूर्वीच मृत आहे."

धम्मरत्न म्हणाला, "खतम. याडी नाहीच यात."

"आता तिले काय सांगू?"

"खरं सांग."

"तिनं पंधरा दिवस वाट पाहिली रे."

"मंग खोटं सांग. मले कायले विचारून राह्यला? मले दोन फ्रीज खोलाचे हाय."

येताना बसमध्ये ठरवलं की खरंच सांगायचं. घरी पोचलो. याडी सुपारीएवढे लाडू वळत होती, धनीबाई बाजूला. लग्नाचे लाडू एवढे लहान कायले म्हणून धनीबाई तिला बोलत होती. याडीनं मान वर केली.

"कळलं का?"

"हो."

"दारात कोण हाय?"

"याडी," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

तिनं हात थांबवला. "गाते का?"

इथं मी अडकलो. गाते म्हणावं तर पुढं काय गाते विचारेल. म्हणून म्हटलं, "नाही. नुसती उभी राहते."

"काही नाही म्हणत?"

"काही नाही."

"मंग पोट्टी?"

"पोट्टी गाते. लय वेळ."

"अन् लोकं? ते खुर्चीवरचे? हासत नाही?"

"नाही. टाळ्या वाजवतात."

"टाळ्या कायले वाजवा लागते," याडी म्हणाली आणि लाडू वळायला लागली. पुढचे लाडू जरा मोठे झाले. मला वाटतं धनीबाईचं बोलणं मनावर घेतलं.

रंजिताचा निरोपही तेव्हाच सांगून टाकला. याडी लाडूच वळत राहिली. मी इतका थकलो होतो की बाजेवर पडलो ते सकाळीच उठलो. खोटं बोलायला कूलर उतरवण्यापेक्षा जास्त ताकद लागते.

१० मे

पाहुणे. पाणी संपलं. टँकर बोलावला. मंडपवाला आला एकदाचा. याडीला विचारलं, उद्या बाहेर येशीन ना? म्हणाली, "टँकरवाल्याले चहा दे."

१२ मे

काल लिहायला जमलं नाही. आजही हात उचलत नाही, पण लिहितो.

लग्न लागलं. नवरदेवाकडचे पुसदचे, चांगली माणसं, पण घाईची. ऊन उतरायला लागलं तशी त्यांच्या मामानं गाड्या सुरूच केल्या. "आटपा बाप्पा, रस्ता खराब हाय."

रंजिता आधी धनीबाईच्या गळ्यात पडली. सुरुवातीला आवाज निघेना, खरखरच. मग निघाला. फार चांगला नाही, नाकातला आहे तिचा. बायका जमल्या. मग एकेक काकी, मामी. मग मी. माझ्या गळ्यात पडून तिनं गायलं की भाऊ, तू जातो ते जातो, पण कुठं गेला ते तरी सांगत जा, मी चार गावात सुया टोचत फिरते आणि प्रत्येक बसच्या खिडकीत पाहते. हे धनीबाईनं शिकवलेलं नव्हतं. सगळ्यांसमोर. मला कुठं पाहावं कळेना, मी गाडीच्या टायरकडे पाहिलं.

मग ती थांबली. आता याडीची पाळी. धनीबाई पुढं झाली, ठरल्याप्रमाणे. रंजिता तिच्याकडे गेली नाही. घराकडे तोंड करून उभी राहिली, हात लोंबते. मामानं हॉर्न वाजवला. कोणीतरी त्याला म्हणालं, "थांब ना बे!"

मी आत जाणार होतो, खरंच जाणार होतो. पण याडी आपणच बाहेर आली. हातात पाण्याचा गडू होता, तो कोणाला द्यावा कळेना म्हणून माझ्या हातात दिला. आणि जाऊन उभी राहिली. नुसती.

रंजिता तिच्या गळ्यात पडली आणि गायला लागली. याडी, मी सुट्टीत आले की तुला सकाळी उठवून विचारायचे, आता कोण विचारेल, गोळी घेतली का? थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, चहाच्या आधी घ्यायची, तू चहा आधी पितेस, मला माहीत आहे. ढावलोत गोळी कोणी घातलेली मी तरी ऐकली नव्हती. दोन बायका हसल्यासुद्धा, पदर तोंडाला लावून.

मग ती जागा आली जिथं याडी उत्तर देते. रंजिता थांबली. याडीनं तोंड उघडलं. हवा निघाली. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आली, बाकी कोणाला नाही. इतक्या बाया उभ्या आणि आवाज फक्त जीपच्या इंजिनाचा. याडीची मान खाली जायला लागली.

आणि रंजितानं, याडीच्या खांद्यावर तोंड तसंच ठेवून, उत्तरही म्हटलं. याडीचं. घेईन बाई, उपाशीपोटी घेईन, चहा मागून पिईन, तू जा, मागं पाहू नको.

मागून एक म्हातारी म्हणाली, "ए पोट्टी, ते तुहं नोहे! ते याडीचं हाय!" धनीबाईनं तिला कोपर मारलं.

रंजिता थांबली नाही. पुन्हा आपलं म्हटलं, पुन्हा याडीचं. याडीचे ओठ हलायला लागले, त्याच शब्दांवर. आमच्या टीव्हीवर आवाज मागेपुढे होतो तसं झालं, तोंड एकीचं आणि आवाज दुसरीचा. मग हळूहळू ते जुळलं. कोणाचं कोणतं ते मला शेवटी शेवटी कळेनासं झालं. पदर तोंडाला लावलेल्या त्या दोन बायका आता हसत नव्हत्या. मामानं इंजिन बंद केलं होतं, ते मला नंतर लक्षात आलं.

मला मात्र वाईट वाटलं की एवढं शिकून ऐन वेळी रंजिता चुकली. घाबरून दोन्ही सलग निघालं. गाड्या गेल्यावर धनीबाईला मी तसं म्हटलंही, तुम्ही एकत्र शिकवलं त्याचा हा परिणाम. धनीबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "खुर्च्या मोज जाऊन."

१३ मे

याडी काल दिवसभर झोपली. मी तिला एवढं झोपलेलं कधी पाहिलं नाही. भात मीच लावला, खाली लागला. मंडपाचे बांबू गेले, अंगणात खड्डे राहिले. हैदराबादवाल्याचा फोन आला होता, सांगतो म्हटलं. अजून सांगितलं नाही. कुठं जायचं म्हटलं की आधी सांगावं लागेल, आणि सांगायची मला सवय नाही.

आज सकाळी रंजिताचा फोन आला. पोचलो, सगळे चांगले आहेत, पाणी दोन दिवसाआड येतं, वगैरे. मग म्हणाली, याडीले दे. मी फोन याडीच्या कानाला लावला आणि शेजारी बसलो.

याडी बोलेना. फोनवर तिचं बोलणं ऐकू जातच नाही, त्यामुळे ती फोन घेतही नाही कधी. पण तिकडून रंजिताही काही बोलेना. मी वाट पाहिली. काहीच नाही. याडी भिंतीकडे पाहत बसलेली, फोन कानाला. दोघींपैकी कोणाचाच शब्द नाही. मला वाटलं लाईन कटली. इथं रेंज अशीच जाते. म्हणून मी हात घालून फोन बंद केला.

याडीनं माझ्या हातावर अशी फट्कन मारली की फोन पडला.

"कटला होता ना, याडी."

"चालू होता," ती म्हणाली.